गल्लीत असं कोणी राहत नाही

एकतीस वर्षं मी खिडकीच्या आत बसले. जिंतूरला एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. परभणीहून सकाळची एसटी, संध्याकाळी परतीची एसटी, आणि मधे ती खिडकी. बाहेरून कोणी अर्ज सरकवला की मी तो वरपासून खालपर्यंत वाचायचे, उलटा करून मागची कोरी बाजूही बघायचे आणि सांगायचे, एक कागद कमी आहे. खोटं कशाला सांगू, हे वाक्य म्हणताना मला बरं वाटायचं. अर्जात काही राहिलेलं सापडलं की त्या दिवशी डबासुद्धा चविष्ट लागायचा. लोक माझ्या माघारी काय बोलत ते मला ठाऊक होतं. त्यातलं काही इथं लिहिण्यासारखं नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे घडलं ते वाचून तुम्ही म्हणणार, बरं झालं हिची जिरली. म्हणा. मीही तेच म्हणते.

गोष्ट माझ्या सुनेच्या बँकखात्याची आहे. सून पोलंडची. मुलगा तिकडं बियाण्यांचं शिकायला गेला होता. शिक्षण पूर्ण झालं की नाही ते मला अजून नीटसं कळलेलं नाही, पण लग्न मात्र पूर्ण झालं, तेही तिकडच्या कचेरीत, दोन सह्या करून. मला फोटो आले. एकाही फोटोत अक्षता नव्हत्या. मग एके दिवशी तिला आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीच्या संशोधनाचं दोन वर्षांचं काम मिळालं आणि मुलगा बायकोच्या नोकरीपायी गावी परत आला. त्याचं स्वतःचं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही होतं. आमच्याकडची पोरं ज्वारी सोडून पार तिकडं जातात आणि ही तिकडून ज्वारीसाठी आमच्याकडं आली, याचं आमच्या गल्लीला लय नवल वाटलं.

ती आली त्या दिवशी मी काहीच बाकी ठेवलं नाही. माप ओलांडून घेतलं. ओवाळलं. आणि मग ताटात तांदूळ पसरले, माझी अंगठी तिच्या नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला म्हटलं, लिही. आमच्यात सून घरात आली की तिचं नाव बदलतात. नवं नाव नवरा तांदळात लिहितो आणि तेच पुढं चालतं. मुलगा कुरकुरला. आता असं कोणी करत नाही, म्हणाला. मी म्हटलं, या घरात करतात. नाव मीच काढून ठेवलेलं होतं, तो कॉलेजात असल्यापासून. सुनेनं ताटात वाकून पाहिलं, ते नाव हळूच वाचलं आणि हसली. हसली म्हणजे पसंत पडलं, असा मी अर्थ काढला. तिला कोणी विचारलं नव्हतं. मलाही कोणी विचारलं नव्हतं माझ्या वेळी, त्यामुळं विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. नाव एकदा कागदावर आलं की काय काय होतं हे मी एकतीस वर्षं पाहिलंय.

नवं नाव गल्लीत दोन दिवसांत रुळलं. दूधवाला त्याच नावानं हाक मारायचा, कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई त्याच नावानं माप लिहून ठेवायची. गल्लीच्या तोंडाशी दोन शेळ्या बांधून बसणाऱ्या आक्का आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या तर तिला रोज सकाळी थांबवून ज्वारीबद्दल चार गोष्टी शिकवायच्या. विद्यापीठातली शास्त्रज्ञ निमूटपणे उभी राहून ऐकायची. तिचं मराठी दोन ठिकाणचं होतं, निम्मं नवऱ्यानं आणून दिलेल्या पुस्तकातलं आणि निम्मं आक्कांचं. "आई, मी निघायलेय, आपण कृपया जेवून घ्या," असं ती एका दमात म्हणायची आणि मी आत जाऊन हसायचे.

कामावर रुजू व्हायचं तर इथल्या बँकेत तिच्या स्वतःच्या नावाचं खातं पाहिजे, असा विद्यापीठाचा नियम होता. महिनाअखेरपर्यंत खाते क्रमांक दिला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. पत्रात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते काम गेलं तर तिच्या व्हिसालाही अर्थ राहणार नव्हता. म्हणजे सून परत, आणि सुनेमागं मुलगा परत. रुजू होण्याआधीच ती रोज विद्यापीठाच्या शेतावर जाऊन प्लॉट बघून यायची, इतकी हौस. मुलगा नेमका पंधरा दिवस पुण्याला गेलेला. तेव्हा तिला बँकेत घेऊन जायचं काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं, चल, तुला दाखवते कचेरीत कसं बोलायचं असतं.

शाखेतला साहेब तरणा होता, नांदेडकडचा, बोलायला फार गोड. पहिल्या दिवशी त्यानं पासपोर्ट आणि व्हिसा मागितला. दिला. मग म्हणाला, नोकरीचं पत्र लागेल. दुसऱ्या दिवशी ते नेलं. मग म्हणाला, फोटोची मागची पार्श्वभूमी पांढरी पाहिजे, ही फिकट निळी आहे. तिसऱ्या दिवशी पांढरी नेली. मग म्हणाला, पत्त्याचा पुरावा. मी त्याच्याकडं बघत राहिले. सगळे कागद एकदम कधी सांगायचे नसतात, एकेक करून सांगायचे, म्हणजे निम्मी माणसं वाटेतच थकतात आणि टेबल रिकामं राहतं. ही आमच्या धंद्यातली जुनी विद्या. पोरगं चांगलं तयार होतं. राग यायला पाहिजे होता, पण मला त्याचं थोडं कौतुकच वाटलं.

त्यानं मधेच असंही सुचवलं की मिस्टरांबरोबर जोडखातं काढा, पटकन होईल. सुनेनं नाही म्हटलं. का, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, काम मी करणार, तर खातं माझं. साहेब माझ्याकडं बघून हसला, म्हणजे आता तुम्हीच समजावा. मलाही ते जरा लागलंच. माझा पगार एकतीस वर्षं जोडखात्यात गेला, त्यानं माझं काय बिघडलं, असं मनात आलं. पण खिडकीबाहेर उभं राहून बोलायची मला सवय नव्हती.

पत्त्याचा पुरावा म्हणजे लाइट बिल. ते माझ्या नावावर. घरही माझ्या नावावर, आमचे हे गेल्यानंतर झालेलं. शेवटी साहेब म्हणाला, घरमालकीण म्हणून तुम्ही पत्र द्या की या बाई तुमच्या घरात राहतात, आणि आमचा माणूस एकदा पत्त्यावर येऊन खातरजमा करून जाईल. तो राहतात म्हणाला की खातं उघडलं. मी तिथंच बसून पत्र लिहिलं. सदर व्यक्ती माझी सून असून सदर पत्त्यावर माझ्यासोबत वास्तव्यास आहे. पासपोर्टवरचं नाव बघून बघून उतरवलं. अक्षर बघून साहेबानं विचारलं, मॅडम, सरकारी नोकरीत होता का? इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

बँकेचा माणूस आला तो शनिवारी, न कळवता. मी चुडाव्याला माहेरी, भावाकडं, वास्तुशांतीला गेलेले, सून शेतावर. घराला कुलूप. तो बिचारा हातात कागद घेऊन गल्लीत विचारत फिरला. कागदावर पासपोर्टवरचं नाव. दूधवाल्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, असं कोणी इथं राहत न्हाई. शिवणकामवाली म्हणाली, न्हाई बा. आणि यात त्यांचा काय दोष? हे नाव त्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. शिवाय कागद घेऊन कोणी अनोळखी माणूस आला तर एक अक्षरही सांगायचं नाही, ही शिकवण त्यांना मीच दिलेली. दरवर्षी हळदीकुंकवाला मी ती सगळ्यांना पुन्हा ऐकवते.

तो माणूस निघालाच होता, पण शेवटी त्यानं आक्कांपाशी थांबून विचारलं, या गल्लीत कोणी परदेशी बाई राहते का? हे आक्कांनीच मला नंतर मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी त्याला उत्तर दिलं होतं, "परदेशी हिथं कोन? हिथं समद्या आमच्याच सुना हायत."

त्यानं कागदावर लिहिलं, सदर व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. शेजाऱ्यांकडून खात्री केली.

सोमवारी बँकेचा फोन आला, की अर्ज थांबवलाय. महिना संपायला चार दिवस होते. संध्याकाळी सून घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आक्कांचं वाक्य सांगताना मला हसू आलं, तिलाही आलं. मग ती हसता हसता थांबली. मागच्या दारात पायरीवर बसली, बूट न काढता. मी चहा नेऊन ठेवला. तो तसाच गार झाला. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं रडण्याऐवजी माझ्याकडं बघून सावकाश, शब्द जुळवत सांगितलं.

"आई, तुमी मला नाव दिलं. ते चांगलं हाय. पण ते बँकेत न्हाई. ते माझ्या आईला पण माहीत न्हाई. मी तिला सांगितलंच न्हाई."

चहाचा कप उचलून आत आले आणि विनाकारण तो दोनदा धुतला. तिची आई तिकडं फोनवर ज्या नावानं हाक मारत असेल ते नाव मी कधी नीट कानांनी ऐकूनही घेतलं नव्हतं. कागदावर उतरवलं तेवढंच, तेही बघून. दोन महिने ती माझ्या घरात राहत होती आणि मला तिचं नाव पाठ नव्हतं. मला माझीच लाज वाटली. हे लिहायला अवघड जातंय, पण वाटली.

मंगळवारी सकाळी बँक उघडायच्या आधी मी पायरीवर हजर. साहेबाला म्हटलं, चूक झाली, दुरुस्त करा. तो म्हणाला, मॅडम, एकदा लेखी आलंय, आता दुसरा अहवाल आल्याशिवाय मला काही करता येत नाही. अगदी हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल. मग त्यानं मार्ग सांगितला. उद्या माणूस पुन्हा येईल. शेजाऱ्यांनी नाव ओळखलं पाहिजे. या वेळीही नाही म्हणाले तर अर्ज बंद. आणि तुमच्या पत्रात एक खुलासा जोडा, की गल्लीत त्यांना वेगळ्या नावानं का ओळखतात.

तो खुलासा लिहायला मला एक तास लागला. मी हजारो खुलासे वाचलेत, पण स्वतःचा एकही लिहिला नव्हता. "सदर इसमास" असं सुरू केलं आणि खोडलं. शेवटी साध्या भाषेत लिहिलं की दुसरं नाव मी ठेवलं, तिला न विचारता ठेवलं, तिचं नाव पासपोर्टवर आहे तेच आहे. खाली सही केली. साहेबानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

संध्याकाळी मी घरोघर निघाले. आधी सुनेसमोर बसून तिचं नाव म्हणून पाहिलं. तिनं आठ वेळा म्हणायला लावलं आणि आठव्या वेळी मान हलवली. एकदाही हसली नाही, शास्त्रज्ञ शोभते. मग मी दूधवाल्याकडं गेले, मग शिवणकामवालीकडं, मग समोरच्या दोन घरी. प्रत्येक ठिकाणी नाव सांगायचं, म्हणवून घ्यायचं, उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं ते पक्कं करायचं. शिवणकामवालीनं वहीत आधीचं नाव खोडून खरं लिहिलं. दूधवाला म्हणाला, मग इतके दिवस आम्ही हाक मारत होतो ते कोणाचं नाव? मी म्हटलं, ते माझ्या हौसेचं.

आक्का सगळ्यात शेवटी. शेळ्यांना पाला टाकत होत्या. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. नाव तिसऱ्या खेपेला त्यांना बरोबर जमलं, माझ्यापेक्षा लवकर. मग त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे लेकराला आईबापानं ठेवलेलं नाव होतंच की. मी म्हटलं, होतं.

"अन् तुजं गं काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. अडतीस वर्षं मी या गल्लीत आहे. ऑफिसातल्या बाई, अमक्याच्या घरच्या, तमक्याची आई, आणि कागदोपत्री माझ्या वेळच्या तांदळातलं नाव. ते नाव सासूबाईंनी निवडलं होतं. पगारपत्रकावर तेच, पेन्शनच्या पुस्तकावर तेच. चुडाव्याला भाऊ मला ताई म्हणतो, त्याची मुलं आत्या म्हणतात. ज्यांनी नाव ठेवलं ते दोघं आता नाहीत. मला आठवायला वेळ लागला असं मी म्हणणार नाही. आठवत होतंच. जिभेवर यायला मात्र वेळ लागला. मग मी सांगितलं. आक्का म्हणाल्या, ग्वाड हाय, आणि पुन्हा शेळ्यांकडं वळल्या.

बुधवारी अकराच्या सुमारास बँकेचा माणूस आला, तोच. मी दारात उभी होते, सून माझ्या मागं. घरात दोघी असताना शेजाऱ्यांना विचारायची तशी गरज नव्हती, पण त्याला शनिवारचा अहवाल खोडायचा होता, म्हणून तो आधी गल्लीत फिरला. दूधवाल्यानं न विचारताच नाव सांगितलं. शिवणकामवालीनं वही दाखवली. आक्का तर काठी टेकत त्याच्याबरोबर थेट आमच्या दारापर्यंत आल्या आणि सुनेकडं बोट करून तिचं पूर्ण नाव स्वच्छ म्हणाल्या. त्यानं कागदावर बरोबरची खूण केली. मग त्यानं सहज विचारलं, आणि घरमालकीण बाईंचं नाव?

मी तोंड उघडायच्या आत आक्कांनी सांगून टाकलं. माझं पहिलं नाव. चुडाव्याचं.

त्यानं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा कागदाकडं. लाइट बिलावर हे नाव नाही, म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला हसू फुटलं आणि थांबेना. साऱ्या जन्मात मी एवढं नीटनेटकं काम करून ठेवलेलं, त्यात शेवटी एक कागद कमीच निघाला. डोळे पुसत मी म्हटलं, तेही माझंच आहे, लग्नाआधीचं. तो परभणीचाच होता. माझ्या आईचंबी असंच हाय, एवढं म्हणून त्यानं दुसरी खूण केली आणि खाली लिहिलं, राहतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाते क्रमांक आला, मुदतीच्या एक दिवस आधी. सुनेनं तो लगेच विद्यापीठात कळवला आणि कामावर रुजू झाली. पण त्याच्या आधीचं एक राहिलं. बँकेचा माणूस गेला, आक्का गेल्या, मी दार लावून घेतलं, तेव्हा सून अजून तिथंच भिंतीला टेकून उभी होती.

"आई, आक्का बोलल्या ते नाव कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

तिनं ते एकदा म्हणून पाहिलं. चुकलं. मी दुरुस्त केलं. तिनं परत म्हटलं, परत चुकलं, आणि मी तिला तिथंच दारामागं उभं करून आठ वेळा म्हणायला लावलं. आठव्या वेळी बरोबर आलं. त्या घरात ते नाव तोवर कोणीच कधी उच्चारलं नव्हतं. मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.